‘गोयिम’ म्हणजे गुरेढोरे नव्हेत

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुठून तरी पुढे ढकलत आलेला एक लांबलचक मजकूर वाचला. ज्यू लोक आपल्याखेरीज इतर सर्वांना ‘गोयिम’ म्हणतात आणि या शब्दाचा अर्थ ‘गुरेढोरे’ असा होतो, असे त्यात ठासून लिहिलेले होते. शेवटी पुस्ती अशी जोडली होती की ‘गो’ म्हणजे गाय हे तर आपल्यालाही ठाऊक आहे, तेव्हा वेगळ्या पुराव्याची गरज काय? त्याखाली कितीतरी जणांनी अंगठे उमटवले. त्यांतले काही माझ्या हाताखाली शिकून गेलेले आहेत आणि म्हणूनच मला ते फार लागले. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत मी आयुष्यभर मराठी शिकवली. केवळ उच्चार जुळतो म्हणून दोन शब्दांना एका दावणीला बांधू नये, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही.

ज्यूंच्या हिब्रू भाषेत गाईला ‘पारा’ म्हणतात, गुरांना ‘बाकार’ किंवा ‘बेहेमा’. ‘गोय’ या शब्दाचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि संस्कृत ‘गो’शी तर नाहीच नाही. ‘गोय’ म्हणजे राष्ट्र, जनसमूह, लोक. ‘-इम’ हा हिब्रूतला पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय आहे, म्हणून ‘गोयिम’ म्हणजे राष्ट्रे. हिब्रू बायबलमध्ये हा शब्द पाचशेहून अधिक वेळा येतो आणि त्यांतील काही ठिकाणी तो खुद्द इस्राएलच्या लोकांसाठीच वापरलेला आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला वचन देतो की मी तुझ्यापासून एक ‘गोय गादोल’, म्हणजे मोठे राष्ट्र, निर्माण करीन. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात सीनाय पर्वताच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या लोकांना सांगितले जाते की तुम्ही माझ्यासाठी याजकांचे राज्य आणि ‘गोय कादोश’, पवित्र राष्ट्र, व्हाल. जो शब्द ज्यूंच्या देवाने ज्यूंनाच गौरवाने दिला, त्याचा अर्थ गुरे असा लावला तर ही दोन्ही वचने वाचायची कशी? यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील ‘लो यिसा गोय एल गोय खेरेव’, म्हणजे राष्ट्र राष्ट्रावर तलवार उपसणार नाही, ही ओळ तर ज्यू लोक आजही गाणे म्हणून गातात.

मग हा शब्द ‘ज्यू नसलेला माणूस’ या अर्थापर्यंत आला कसा? मला या साऱ्या विषयात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बायबलच्या काळात ‘गोय’ म्हणजे समूह होता. एकट्या माणसाला कोणी गोय म्हणत नसे. इस्राएल हे एक राष्ट्र आणि भोवती मिसरी (म्हणजे इजिप्तचे), मवाबी, अरामी, पलिष्टी अशी अनेक राष्ट्रे, प्रत्येकाला त्याचे स्वतःचे नाव. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात प्रलयातून वाचलेल्या नोहाच्या मुलांची वंशावळ येते आणि परंपरेने तिच्यातून सत्तर राष्ट्रे मोजली. पुढे यरुशलेमचे मंदिर पडले, राज्य गेले, लोक देशोदेशी विखुरले. इसवी सनाच्या २००च्या सुमारास मिश्ना हा नियमग्रंथ सिद्ध झाला, तोपर्यंत रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, भाषेत ‘गोय’ हा शब्द एकेका माणसाला लागू लागला होता. मवाबी, अरामी, रोमी हे भेद पुसट होत गेले आणि ‘आपल्यातला नसलेला’ एवढी एकच ओळख उरली.

इकडे भाषांतरांतही असेच घडत होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचे, म्हणजे हिब्रू बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे, ग्रीक भाषांतर सुरू झाले, तेव्हा ‘गोय’साठी ‘एथ्नोस’ हा शब्द आला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने बायबलचे लॅटिन भाषांतर हाती घेतले, तेव्हा ‘जेन्स’, ‘जेन्तेस’ हे शब्द आले आणि त्याच कुळातून इंग्रजीतला ‘जेंटाइल’ निघाला. ‘जेंटाइल’ हा शब्द आपल्याला सभ्य वाटतो आणि ‘गोय’ शिवीसारखा ऐकू येतो. पण दोन्ही एकाच अर्थाच्या वाटेने आलेले आहेत.

हे वाचताना मला माझे लहानपण आठवत राहिले. आमचे गाव दिग्रस तालुक्यात. गावाच्या पूर्वेला नाला आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. चौथीत असताना मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. त्याची आजी चुलीपुढे बसून बाटी थापत होती. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरसे लावलेली कांचळी, आणि परातीत ज्वारीचे पीठ. तिने मान वर करून नातवाला गोरबोलीत काहीतरी विचारले. मला त्यातला एकच शब्द नीट ऐकू आला : ‘कोर’. मी तिथेच थबकलो, कारण तो शब्द माझ्याबद्दल आहे हे न सांगता कळले होते. माझ्या मित्राने मान खाली घातली. मग आजीच आमच्या बोलीत म्हणाली, “कोर असला म्हून काय झालं, पोरगं उपाशी हाय ना? बस इथं.” आणि तव्यावरची बाटी तिने माझ्या हातावर ठेवली. ती इतकी गरम होती की मी ती या हातातून त्या हातात घेत राहिलो.

ज्यांचा तांड्यांशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी सांगतो : बंजारा समाज स्वतःला ‘गोर’ म्हणवतो आणि समाजाबाहेरच्याला ‘कोर’. दिग्रस, पुसद, मानोरा, पोहरादेवी या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही ही जोडी नवी नाही. ‘गोर’ आणि ‘गोय’ यांच्या उच्चारात थोडे साम्य आहे, पण ते निव्वळ योगायोगाचे आहे, हेही इथेच नोंदवून ठेवतो, नाहीतर उद्या त्यावरही एखादा मजकूर फिरायला लागेल. ‘कोर’ हा शब्द शिवी आहे का? मी तो आजीच्या तोंडून मायेने ऐकला आहे, बाजारात भाव करताना सावधगिरीने उच्चारलेला ऐकला आहे, आणि एका लग्नाच्या बोलणीत कडवटपणे फेकलेलाही ऐकला आहे. शब्द तोच होता. आम्ही गावातले लोक तांड्यातल्यांना ज्या शब्दांनी हाका मारत होतो ते काही फार चांगले नव्हते, हेही मी लपवणार नाही.

माळकरी-टाळकरी वातावरणात वाढलेल्या मराठी माणसाला परक्यासाठीचे शब्द कमी नाहीत. ‘म्लेच्छ’ म्हणजे ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही तो. ‘यवन’ हा मूळ आयोनियाचा, म्हणजे ग्रीक. पुढे तो आपल्याकडे कोणाकोणाला लावला गेला हे सर्वांना माहीत आहे. हिब्रूतही ग्रीसला ‘यावान’ असेच म्हणतात आणि उत्पत्तीतल्या त्या वंशावळीत याफेथाच्या एका मुलाचे नाव यावान आहे. एकाच आयोनियावरून निघालेला एकच शब्द इकडे संस्कृतात आणि तिकडे हिब्रूत जाऊन बसला, हे मला समजले त्या दिवशी मी शाळेच्या जुन्या शब्दकोशापुढे बराच वेळ तसाच बसून होतो.

ज्यू परंपरेत बाहेरच्या माणसाला ‘गोय’ हा एकच शब्द आहे असा समज होऊ नये. ‘नोख्री’ म्हणजे परदेशी, परमुलखातून आलेला. ‘झार’ म्हणजे परका, उपरा. हा शब्द तर याजककुळात न जन्मलेल्या ज्यूलाही लावला जातो. ‘आरेल’ म्हणजे सुंता न झालेला. आणि ‘गेर’ म्हणजे आपले गाव सोडून दुसऱ्यांच्या गावात पोटापाण्यासाठी राहणारा, ज्याला जमीन नाही आणि पाठीशी भाऊबंदही नाहीत. आमच्याकडे कापूस वेचायला बाहेरून आलेली कुटुंबे गावाबाहेर पाल ठोकून राहतात. ‘गेर’ वाचला की मला ती पाले दिसतात.

या गेराविषयी तोराने जितक्या वेळा बजावले आहे तितक्या वेळा फार थोड्या गोष्टींविषयी बजावले असेल. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, बावा मेत्सिया या भागात, रब्बी एलिएझर म्हणतात की गेराला त्रास देऊ नका हे तोराने छत्तीस ठिकाणी सांगितले आहे; तिथेच दुसरे मत शेहेचाळीस ठिकाणांचे आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातील कारण असे : गेराचा जीव कसा असतो हे तुम्ही जाणता, कारण मिसर देशात तुम्हीच गेर होता. पुढे रब्बींच्या काळात ‘गेर’चा अर्थ धर्म स्वीकारून ज्यू झालेला असा झाला, आणि धर्म न बदलता ज्यूंमध्ये राहणाऱ्या, पण ठरावीक नियम पाळणाऱ्या माणसासाठी ‘गेर तोशाव’ हा वेगळा शब्द रुळला.

ते ठरावीक नियम म्हणजे नोहाच्या संततीसाठीचे सात नियम. प्रलयानंतर उरलेली सगळी माणसे नोहाचीच लेकरे, म्हणून ज्यू नसलेल्याला ‘बेन नोआख’, नोहाचा पुत्र, असेही म्हटले जाते. मूर्तिपूजा नको, देवनिंदा नको, खून नको, निषिद्ध शरीरसंबंध नको, चोरी नको, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाऊ नये, आणि न्यायालये असावीत. यांतला पहिला नियम आपल्यापैकी बहुतेकांच्या देवघराच्या आड येतो, हे खरे आहे आणि ते मी झाकून ठेवणार नाही. परंतु ज्यू झाल्याशिवाय माणसाला तरणोपाय नाही, असे ही परंपरा म्हणत नाही. तोसेफ्ता या जुन्या ग्रंथात रब्बी येहोशुआंचे मत आहे की इतर राष्ट्रांतील सज्जनांनाही परलोकात वाटा आहे. त्यातूनच ‘खसिदेय उमोत हा-ओलाम’, जगातील राष्ट्रांमधले पुण्यवंत, हा शब्दप्रयोग घडला. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यूंना लपवून वाचवणाऱ्या इतर धर्मीयांना यरुशलेमची याद वाशेम ही संस्था १९६३ पासून याच नावाने सन्मानित करते. आजवर अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांना हा मान मिळाला आहे. तेही सगळे गोयिमच आहेत.

आता कडू भाग. ‘शिक्सा’ हा यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीतला, शब्द ज्यू नसलेल्या तरुणीसाठी आणि ‘शेगेत्स’ तरुणासाठी वापरला जातो, आणि त्यांचे मूळ ‘शेकेत्स’, म्हणजे किळसवाणी, निषिद्ध वस्तू, या हिब्रू शब्दात आहे. आंतरधर्मीय लग्नाच्या भीतीतून हे शब्द धारदार झाले आणि आज सुजाण ज्यू घरांत ते टाळले जातात. ‘गोयिशे कोप’, म्हणजे गोयचे डोके, हे मंदबुद्धीच्या अर्थाने म्हणतात, आणि तो टोमणा पुष्कळदा चुकलेल्या ज्यूलाच मारला जातो. पारंपरिक सकाळच्या प्रार्थनेत पुरुष देवाचे आभार मानतात की त्याने मला गोय केले नाही. अनेक सुधारणावादी मंडळींनी ते वाक्य बदलून ‘मला इस्राएली केलेस’ असे केले आहे. आधुनिक हिब्रूतही ‘गोय’ला थोडी हेटाळणीची छटा आहेच, म्हणून सरकारी कागदांवर आणि वर्तमानपत्रांत ‘लो-येहुदी’, ज्यू नसलेला, असे लिहितात. हे सारे मान्य करूनही गुरेढोरे हा अर्थ यातून निघत नाही.

जुन्या छापील ग्रंथांत आणखी एक शब्द जागोजाग दिसतो : ‘अकुम’. ताऱ्यांची आणि ग्रहमंडळाची पूजा करणारे, या अर्थाच्या हिब्रू शब्दांची आद्याक्षरे जोडून तो बनवलेला आहे. तो इतका पसरण्याचे कारण धर्मशास्त्रापेक्षा छापखान्यात अधिक आहे. १५५३ मध्ये रोममध्ये तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्या. त्यानंतर जिथे छपाईची परवानगी मिळाली तिथे ख्रिस्ती तपासनीस मजकुरावर बसले. १५७८ ते १५८१ या काळात स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे निघालेल्या आवृत्तीत ही काटछाट मोठ्या प्रमाणावर झाली. ‘गोय’ म्हणजे आम्ही ख्रिस्तीच, या संशयाने तो शब्द खोडून त्या जागी कुठे ‘अकुम’, कुठे ‘कुती’ म्हणजे शोमरोन प्रदेशातले, कुठे ‘मिसरी’ असे शब्द बसवले गेले. त्यामुळे एखादे कठोर वाक्य मुळात कोणाबद्दल होते हे ठरवायला अभ्यासकांना जुनी हस्तलिखिते पाहावी लागतात. ज्याने ही खाडाखोड पाहिली आहे तो तालमूदमधले सुटे वाक्य उचलून मोबाइलवर पाठवायला धजावणार नाही. शिवाय त्याआधीच, तेराव्या शतकात, दक्षिण फ्रान्समधील मेनाखेम मेइरी यांनी लिहून ठेवले होते की जुन्या ग्रंथांतील कडक नियम प्राचीन मूर्तिपूजकांविषयी होते. धर्माच्या मर्यादेत राहणाऱ्या आजच्या राष्ट्रांना ते लागू करू नयेत.

एक जिव्हाळ्याचा शब्दही आहे, ‘शाब्बोस गोय’. शनिवारी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून, धर्म पाळणारा ज्यू विस्तव पेटवत नाही, दिवा लावत नाही. पूर्व युरोपच्या गोठवणाऱ्या थंडीत शेगडी पेटवायला शेजारचा कोणी येई, तो शाब्बोस गोय. त्याला कसे आणि काय सांगता येते याचेही बारीक नियम आहेत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल यांनी न्यूयॉर्कमधील लहानपणी हे काम केले होते आणि त्यांना थोडीफार यिद्दिशही येत असे.

आपल्या महाराष्ट्रात मात्र नाव ठेवण्याची ही गोष्ट उलट्या दिशेने घडली. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल ज्यूंना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. ते तेलघाणी चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. आमच्याही गावात तेल्यांची आळी होती, लाकडी घाण्याचा कुरकुर आवाज आणि ताज्या जवसाच्या तेलाचा वास मला आठवतो. परधर्माच्या माणसाला असे आठवड्याच्या वारावरून आणि धंद्यावरून ओळखणारे दुसरे नाव मला कुठे सापडले नाही. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे आहेत, घरात मराठी आहे, आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. पण तिथे गेल्यावर १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. शेजाऱ्यांनी ज्यांना शनिवार पाळणारे म्हणून ओळखले, त्यांनाच आपल्या माणसांनी तुम्ही पुरते आमचे का, असे विचारले. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले आणि रब्बींना ते आदेश मागे घ्यावे लागले.

ग्रुपवर मी यातले थोडेसेच लिहिले, कारण तिथे लांबण लावून चालत नाही. तांड्यातला माझा तो वर्गमित्रही त्या ग्रुपवर आहे. त्याने सायंकाळी फोन करून विचारले, “सर, मंग त्या लोकायच्या पुस्तकात एखादा कोर चांगला निघाला का नाही?” आम्ही एका बाकावर बसलो तरी मी मास्तर झाल्यापासून तो मला सरच म्हणतो. मी त्याला रूथची गोष्ट सांगितली.

रूथ मवाबी होती, म्हणजे इस्राएलच्या शत्रुराष्ट्रातली. नवरा वारल्यावर ती सासूला सोडून न जाता तिच्यामागे बेथलेहेमला आली आणि बवाजाच्या शेतात सातूच्या कापणीमागे सरवा वेचू लागली. सरवा म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. सोयाबीनच्या गंजीवरून मळणीयंत्र गेले की पदर खोचून बाया त्या मोकळ्या वावरात उतरतात आणि मातीत पडलेल्या शेंगा एकेक करून वेचतात. त्यांना हटकणारा मालक गावात चांगला म्हणून ओळखला जात नाही. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर आज्ञाच आहे की शेताचा कोपरा कापू नका, पडलेली कणसे उचलू नका, ती गरिबासाठी आणि गेरासाठी राहू द्या. बवाज रूथशी मायेने बोलला, तेव्हा ती म्हणाली, मी ‘नोख्रिया’ असून तुम्ही माझी ओळख ठेवलीत. हिब्रूत ‘ओळखणे’ आणि ‘परकी’ हे दोन्ही शब्द इथे नून, काफ, रेश या सारख्याच अक्षरांचे आहेत, आणि तिच्या वाक्यात ते जवळजवळ येतात. ते ऐकताना कानाला एकच शब्द दोनदा वाजल्यासारखा होतो.

पुढे बवाजाने वेशीवर दहा वडीलधाऱ्यांसमोर तिच्याशी लग्न करण्याचे जाहीर केले, तेव्हाही तो तिला ‘मवाबी रूथ’ असेच म्हणाला. त्यानंतर तीन ओव्यांनी लग्न लागते, आणि तिथे लिहिले आहे की बवाजाने रूथला पत्करले. मवाबी हा शब्द तिथे नाही आणि त्यापुढे त्या ग्रंथात कुठेच येत नाही. तिचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय, आणि इशायाचा मुलगा दावीद राजा.

फोनवर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आमची आजी तुमाले शेवटी शेवटी कोर नव्हती म्हणत. तुमच्या नावानंच इचारे, आला का म्हून.”